मेजरसाहेब आणि त्यांची पुस्तकं

निवृत्त फौजी माणसांची आत्मचरित्रं वाचायचा मला नाद आहे. बहुतेकांचा साचा ठरलेला असतो. बालपण, अकादमी, पहिली पलटण, एखादं युद्ध, बढत्या, दिल्लीतल्या बाबूंवरचा राग आणि शेवटी गोल्फ. युद्धाचं प्रकरण बहुधा छान उतरतं. दिल्लीचं फसतं, कारण तिथलं जे लेखकाला खरोखर ठाऊक असतं ते लिहायची सोय नसते आणि जे लिहायची सोय असते ते आपल्याला वर्तमानपत्रातून आधीच कळलेलं असतं.

मेजर जसवंतसिंग या साच्यात बसत नाहीत. फौजेत जेमतेम नऊ वर्षं, राजकारणात त्याच्या चौपटीहून जास्त, आणि या दोन्हींच्या जोडीला लेखन. लेखन तरी कसं? मंत्रिपद गेल्यावर कुणाला तरी सांगून लिहवून घेतलेलं नव्हे. संरक्षणधोरण, आत्मकथन, फाळणीचा इतिहास असा त्यांचा पसारा आहे आणि त्यातल्या एका पुस्तकापायी भारतीय जनता पक्षाने त्यांना दोन दिवसांत घराबाहेर काढलं. आपल्याकडे पुस्तकापायी लेखकाला शिव्या पडतात, क्वचित मोर्चा येतो. पण परराष्ट्र आणि अर्थ ही दोन्ही खाती सांभाळलेला, पक्षाच्या स्थापनेपासूनचा माणूस सहाशेहून अधिक पानांच्या ग्रंथापायी बडतर्फ होतो, आणि तेही तो ग्रंथ कुणाचा वाचून होण्याआधी, याला जोड मला तरी सापडलेली नाही.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १९३८ चा, राजस्थानात पूर्वी बाडमेर जिल्ह्यात असलेल्या जसोलचा. हा भाग थरच्या वाळवंटातला. जोधपूरहून निघालेली रेल्वे पूर्वी बाडमेर, मुनाबाव करत सिंधमधल्या हैदराबादला जायची. सिंधमधल्या उमरकोटचे सोढा राजपूत आणि मारवाडातली घराणी यांच्यात सोयरिकी होत्या, फाळणीनंतरही होत राहिल्या. फाळणी झाली तेव्हा जसवंतसिंग नऊ वर्षांचे होते. पंजाब आणि बंगालच्या फाळणीवर आपण पुष्कळ वाचलेलं असतं. थरची फाळणी निराळी होती. तिथे रेषा कागदावर आधी आली आणि माणसांच्या जाण्यायेण्यात बऱ्याच उशिरा उतरली. गाडी तर १९६५ च्या युद्धापर्यंत चालू होती.

हे इतकं सांगायचं कारण, पुढे जिनांवर लिहिणाऱ्या जसवंतसिंगांना लोकांनी विचारलं की हा विषय तुम्हाला सुचलाच कसा. मला तो प्रश्न उलटा वाटतो. ज्याच्या घरापासून सीमा इतकी जवळ आहे आणि जिच्या पलीकडे सोयरे राहतात, त्याला दुसरा कुठला विषय सुचणार? २००६ च्या सुरुवातीला ते मुनाबावच्या वाटेने मोटारींचा तांडा घेऊन बलुचिस्तानातल्या हिंगलाज मातेच्या दर्शनाला गेले. त्याच फेब्रुवारीत सीमेवरच्या मुनाबावहून पाकिस्तानातल्या खोखरापारला रेल्वेही सुरू झाली, एक्केचाळीस वर्षांनी. विरोधी पक्षात असलेला माजी परराष्ट्रमंत्री वाळवंटातून देवीला निघाला आहे, ही बातमी तेव्हा आतल्या पानावर होती. त्यांच्या पुस्तकांपेक्षाही त्यांना ओळखायला मला ती बातमी उपयोगी पडली.

शिक्षण अजमेरच्या मेयो कॉलेजात, मग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. खडकवासल्याच्या त्या घुमटाखालून आजवर किती माणसं बाहेर पडली, त्यातली किती पुढे संसदेत बसली, हा कुणीतरी बसून करायचा अभ्यास आहे. १९५७ मध्ये कमिशन मिळालं ते सेंट्रल इंडिया हॉर्स या रेजिमेंटमध्ये. ही घोडदळाच्या परंपरेतली रणगाडा रेजिमेंट. १९६२ आणि १९६५, दोन्ही युद्धांच्या वेळी ते वर्दीत होते. १९६६ मध्ये मेजर असताना त्यांनी राजीनामा दिला. अधिकाऱ्याला पेन्शन बसायला वीस वर्षांची नोकरी लागते. यांची त्याच्या निम्मीही झाली नव्हती. म्हणजे माजी सैनिक म्हणून जी सुरक्षितता असते ती त्यांनी स्वतःहून सोडली होती. राज्यसभेत ते पहिल्यांदा आले १९८० मध्ये. मधल्या चौदा वर्षांचा हिशेब त्यांच्यावर लिहिणारे दोन ओळींत संपवतात. राजीनामा देताना राजकारणात आपली वाट पाहणारं कुणी नाही हे त्या अठ्ठावीस वर्षांच्या मेजरला कळत नसेल असं नाही.

पक्षातही ते तसे परकेच. संघाच्या शाखेतून आलेले नाहीत, हिंदीवर मारवाडी छाप आणि इंग्रजी मात्र जुन्या साहेबी वळणाची. बोलणं संथ, आवाज खर्जातला. अंगात खांद्यावर पट्ट्या असलेला बुशशर्ट. संसदेत ते बोलायला उभे राहिले की समोरच्या बाकांवरचे लोकही जरा सावरून बसत. २००१ साली त्यांना उत्कृष्ट संसदपटूचा पुरस्कार मिळाला तो उगाच नव्हे. पण लोकांमधून निवडून येणं ही गोष्ट त्यांना कधी पूर्णपणे वश झाली नाही. १९८९ मध्ये जोधपूरला त्यांनी अशोक गेहलोतांना हरवलं, पुढे दोनदा चित्तोडगडहून जिंकले आणि १९९८ मध्ये तिथेच पडले. त्या निवडणुकीत वाजपेयींचं सरकार आलं आणि यांना मंत्रिमंडळात घेणं अवघड होऊन बसलं. नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपद मिळालं. अर्थमंत्री ते त्याआधी १९९६ मध्ये झालेले होते, पण त्या तेरा दिवसांच्या सरकारात. तेरा दिवसांत अर्थसंकल्प राहू द्या, खुर्चीची उंचीही जमवून होत नाही.

मग मे १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले. पोखरणही त्यांच्याच वाळवंटातलं. अमेरिकेने निर्बंध लादले आणि बोलणी करायला वाजपेयींनी निवडलं जसवंतसिंगांना, तेव्हा ते परराष्ट्रमंत्रीही नव्हते. समोर अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबट. हे दोघे सात देशांत, दहा ठिकाणी मिळून चौदा वेळा भेटले. त्याच वर्षी फॉरेन अफेअर्स या अमेरिकी नियतकालिकात जसवंतसिंगांनी लेख लिहून पाच अण्वस्त्रधारी देशांच्या मक्तेदारीला अणुक्षेत्रातला वर्णभेद म्हटलं. अमेरिकेला हवं होतं की भारताने अणुचाचणीबंदी करारावर सही करावी. ती सही आजतागायत झालेली नाही. मार्च २००० मध्ये मात्र क्लिंटन भारतात आले, बावीस वर्षांनी आलेले पहिले अमेरिकी अध्यक्ष. टॅलबट यांनी २००४ मध्ये या बोलण्यांवर ‘एंगेजिंग इंडिया’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यात सरळ मान्य केलं की आम्हा दोघांपैकी आपला हेतू जास्त साधला तो जसवंतसिंगांनी.

ही बोलणी मला फौजी डावपेचांसारखी वाटतात. आपल्याकडे दारूगोळा कमी असेल तर वेळ काढायचा, जागा सोडायची नाही आणि समोरच्याला दमू द्यायचं. जसवंतसिंग टॅलबटना इतिहास ऐकवत, मध्य आशियातल्या टोळ्या, सिंधूचं खोरं, सगळं मागून सुरू करून. समोरच्या माणसाला हे कधी विलक्षण वाटलं असेल, कधी कंटाळवाणं. पण खोलीतून उठून कुणी गेलं नाही, आणि त्या दोन वर्षांत भारताला तेवढंच हवं होतं.

एवढं सगळं करून सामान्य माणसाला त्यांच्याबद्दल आठवतं ते एकच, कंदाहार.

२४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४ विमान पळवलं गेलं. अमृतसरला ते सुमारे पाऊण तास उभं होतं आणि आपल्याला ते अडवता आलं नाही. तिथून लाहोर, दुबई आणि मग तालिबानच्या ताब्यातलं कंदाहार. एका तरुण प्रवाशाचा खून झाला. अपहरणकर्त्यांनी सुरुवातीला मागितले ३६ कैदी, २० कोटी डॉलर आणि एका मेलेल्या दहशतवाद्याचं शव. घासाघीस होत होत आकडा तीन कैद्यांवर आला. मसूद अझहर, उमर शेख आणि मुश्ताक झरगर. दिल्लीत पंतप्रधानांच्या निवासाबाहेर प्रवाशांचे नातेवाईक आक्रोश करत होते आणि वाहिन्या तो दिवसरात्र दाखवत होत्या. ३१ डिसेंबरला तिघांना कंदाहारला नेलं. त्याच विमानात परराष्ट्रमंत्री जसवंतसिंग बसले होते.

ती संध्याकाळ मला चांगली आठवते. सगळं जग नव्या सहस्रकाच्या आतषबाजीच्या तयारीत आणि आमच्या घरी टीव्हीवर विमानतळावरची तीच तीच चित्रं. आमचे एक मामा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले होते, ते तेव्हा घरी आले होते. मी वैतागून म्हणालो, “मामा, अतिरेक्यांबरोबर मंत्र्यानं जायचं म्हणजे काय? कुणी अधिकारी पाठवता आला नसता?” मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वंगाळ काम असलं की पोरांना पुढं करून साहेब मागं राहतो, तो साहेब पलटणीत कुणाला आवडत नाही.”

तेव्हा मला ते पटलं नव्हतं. जसवंतसिंगांनी स्वतः दिलेलं कारणही त्याच अंगाने जाणारं होतं. कंदाहारला बोलणी करत असलेल्या अधिकाऱ्यांना असा माणूस हवा होता की ऐन वेळी काही बिनसलं तर जागेवर निर्णय घेऊ शकेल. दिल्लीला फोन लावून परवानगी मागत बसायला तिथे सवड नव्हती. हे कारण लष्करी दृष्टीने बिनतोड आहे. राजकीय दृष्टीने ते भयंकर महाग पडलं, कारण राजकारणात लोकांच्या डोक्यात राहतं ते चित्र. मंत्री आणि तीन दहशतवादी एकाच विमानात, हे ते चित्र. पुढे मसूद अझहरने जैश-ए-मोहम्मद काढली, उमर शेख अमेरिकी पत्रकार डॅनियल पर्लच्या खुनात सापडला, आणि प्रत्येक वेळी ते चित्र पुन्हा दाखवलं गेलं. सोडण्याचा निर्णय सगळ्या मंत्रिमंडळाचा, प्रवाशांना परत आणण्याचं श्रेय सरकारचं आणि बदनामी मात्र विमानात बसलेल्या एकट्याची. निर्णय चूक होता असं माझं मत आजही आहे. अमृतसरलाच खेळ संपवायला हवा होता. पण निर्णय झाल्यावर तो पार पाडायला स्वतः जाणं ही वेगळी गोष्ट आहे आणि त्या गोष्टीला आपण कधी वेगळे गुण दिले नाहीत.

आता पुस्तकांकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

२००६ मध्ये जसवंतसिंगांचं आत्मकथन आलं, ‘अ कॉल टू ऑनर’. मी ते जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलं आणि कारगिल, कंदाहार, आग्रा असा क्रम लावून मोठ्या आशेने वाचायला बसलो. ज्या माणसाने जून १९९९ मध्ये पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या संभाषणाच्या टेप पत्रकारांसमोर ठेवल्या, ज्याने मुशर्रफांबरोबरची आग्र्याची बोलणी मोडताना पाहिली, त्याच्याकडे सांगण्यासारखं किती असेल! पुस्तकात वाळवंटातलं बालपण देखणं आहे. देशाच्या भूगोलाबद्दलचं चिंतन आहे. कंदाहारबद्दल ते लिहितात की आपण सुरुवातीला तडजोडीच्या विरोधात होतो आणि दिवस सरत गेले तसतसे बदलत गेलो. हे प्रांजळ आहे. पण सहकाऱ्यांच्या वाट्याचं माप त्यांनी कुणाच्या पदरात घातलेलं नाही. स्वतःबद्दल बोलतात आणि बाकीच्यांवर पडदा.

याचा अर्थ मी असा लावतो की हे पुस्तक लेखकाने नव्हे, मेजरने लिहिलं. मेसमधलं बोलणं मेसच्या बाहेर जात नाही, तसं. ज्यांच्याबरोबर लढलो त्यांची उणीदुणी छापायची नाहीत. सैन्यात हा सद्गुण आहे. आत्मकथनात हा दोष आहे, कारण वाचकाने पैसे मोजलेले असतात ते नेमके पडद्यामागचं पाहायला.

आणि जिथे त्यांनी पडदा जरासा हलवला तिथे तोल गेला. नरसिंह रावांच्या काळात पंतप्रधान कार्यालयात अमेरिकेला अणुविषयक माहिती पुरवणारा कुणीतरी होता, असा सूर त्या पुस्तकातून निघाला. देशभर गदारोळ झाला. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी नाव सांगा म्हणून आव्हान दिलं. जसवंतसिंगांना नाव सांगता आलं नाही. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सारवासारव केली, पण मला वाचक म्हणून हा प्रकार आवडला नाही. नाव घ्यायचं नसेल तर विषय काढू नये आणि विषय काढला तर पुरावा हातात असावा. इतिहास लिहू पाहणाऱ्या माणसाला एवढी शिस्त पाळायलाच हवी होती.

मग आलं जिनांवरचं पुस्तक. ‘जिना: इंडिया, पार्टिशन, इंडिपेंडन्स’. १७ ऑगस्ट २००९ ला प्रकाशित झालं. १९ ऑगस्टला पक्षाची चिंतन बैठक सिमल्यात होती, जसवंतसिंग तिथे पोचलेही होते, आणि फोनवरून त्यांना कळवण्यात आलं की तुमची हकालपट्टी झाली आहे. तीस वर्षांचा संबंध एका फोनवर संपला याचं त्यांना फार लागलं. पक्षात त्यांना हनुमान म्हणत, ते म्हणाले की आता माझा रावण झाला. त्याच सुमारास गुजरात सरकारने पुस्तकावर बंदी घातली. सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

दोन दिवसांत सहाशे पानं वाचून, त्यावर विचार करून, चर्चा करून निर्णय घेणाऱ्या चिंतन बैठकीचं मला कौतुक वाटतं. मला ते पुस्तक वाचायला पावसाळा गेला.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं. जिना सुरुवातीला हिंदू-मुस्लिम ऐक्याचे पुरस्कर्ते होते. त्यांना एकट्याला फाळणीचा राक्षस ठरवणं सोयीचं असलं तरी खरं नाही. काँग्रेसचा, विशेषतः नेहरूंचा बलवान केंद्राचा आग्रह आणि शेवटी नेहरू व पटेल दोघांनी फाळणीला दिलेली संमती यांचा वाटा मोठा आहे. हे वाचून धक्का बसावा असं त्यात काही नवं नाही. आयेशा जलाल यांनी जिनांच्या राजकारणाची अशी फेरतपासणी १९८५ मध्येच केली होती. आपल्या मुंबईचे घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाई यांनी १९८९ च्या सुमारास काँग्रेसवर याहून कडक ठपका ठेवला होता. इतिहास म्हणून जसवंतसिंगांचं पुस्तक मध्यम प्रतीचं आहे. लांबलचक अवतरणं, पुनरुक्ती, मध्येच तत्त्वचिंतन. संपादकाने शे-दोनशे पानं कापली असती तर बरं झालं असतं.

मग घरातले लोक एवढे का बिथरले? जिनांचं नाव हे एक कारण. चार वर्षांपूर्वी, जून २००५ मध्ये, अडवाणींनी कराचीत जिनांबद्दल चार बरे शब्द काढले आणि त्यांना पक्षाध्यक्षपद गमवावं लागलं. हे जसवंतसिंगांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ते लिहीत राहिले. दुसरं आणि मोठं कारण वल्लभभाई पटेल. नेहरूंवर टीका चालली असती, किंबहुना स्वागतच झालं असतं. पण नेहरूंच्या शेजारी पटेलांना उभं केलं की घरातल्या देव्हाऱ्याला हात लागतो. गुजरातमधली बंदी त्यापायीच होती.

मला या पुस्तकाबद्दल वेगळंच आकर्षण वाटतं. इथे जसवंतसिंगांना राखायला कुणी सहकारी नव्हता. जिना, नेहरू, पटेल, माउंटबॅटन, सगळे केव्हाच गेलेले. त्यामुळे आत्मकथनात ज्या संकोचाने त्यांची लेखणी अडखळते तो संकोच इथे नाही. पुस्तक अवजड आहे, पण मोकळं आहे. लिहिताना त्यांनी पक्षाकडे पाहिलेलं नाही. पलटणीची शिस्त आणि पक्षाची शिस्त सारखीच दिसते, पण मेजरसाहेबांच्या लेखी त्या निराळ्या असणार. पलटण तुमच्याकडून जीव मागते, मत मागत नाही. सत्तांतराची योजना घेऊन १९४६ मध्ये आलेल्या ब्रिटिश कॅबिनेट मिशनबद्दल तुम्ही काय विचार करता हे कुठल्याही कर्नलने कधी तपासलेलं नाही. पक्षाने ते तपासलं. त्या दिवशी सिमल्यात बोलताना त्यांचा रोख याच गोष्टीवर होता. वाचण्या-लिहिण्यावर आणि विचार करण्यावरच संशय घ्यायला लागलात तर अंधाऱ्या बोळात शिराल, अशा अर्थाचं ते बोलले.

पडदा पूर्ण उघडला तो त्यानंतर. अडवाणींनी २००८ च्या सुमारास म्हटलं होतं की जसवंतसिंग त्या विमानातून कंदाहारला जाणार हे आपल्याला माहीत नव्हतं. गृहमंत्र्याला माहीत नव्हतं! तेव्हा जसवंतसिंग गप्प बसले. निवडणूक तोंडावर होती आणि अडवाणी पंतप्रधानपदाचे उमेदवार होते. हकालपट्टीनंतर त्यांनी सांगून टाकलं की अडवाणींना माहीत होतं. दोघांपैकी कुणाचं खरं हे आपण कसं ठरवणार? पण मला छळते ती वेळ. जे २००६ च्या पुस्तकात हवं होतं ते २००९ मध्ये, रागाच्या भरात, वाहिन्यांच्या माइकसमोर आलं. पुस्तकात असतं तर ती साक्ष ठरली असती. आता ती घरातून काढलेल्या माणसाची तक्रार झाली.

या संदर्भात दोन माणसं मला नेहमी आठवतात. एक कॅप्टन अमरिंदर सिंग. तेही अल्पकाळ फौजेत, तेही संस्थानिक वळणाचे, तेही लेखक. १९६५ च्या सुरुवातीला त्यांनी फौज सोडली होती, युद्ध पेटल्यावर परत गेले आणि लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग यांचे एडीसी, म्हणजे दिमतीचे अधिकारी राहिले. १९८४ मध्ये सुवर्णमंदिरातल्या कारवाईच्या निषेधार्थ खासदारकी आणि काँग्रेस दोन्ही सोडली. पुढे दोनदा पंजाबचे मुख्यमंत्री झाले. पण लिहिलं कशावर? सारागढीच्या लढाईवर, पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांवर, कारगिलवर, शिखांच्या साम्राज्याच्या अखेरीवर. राजकारणातली बंडखोरी त्यांनी राजकारणातच केली आणि पुस्तकांना लढायांपुरतं ठेवलं. त्यांच्या पुस्तकापायी त्यांच्यावर कुणी कारवाई केल्याचं ऐकिवात नाही.

दुसरे अमेरिकेचे युलिसिस ग्रँट. यादवी युद्ध जिंकलेला सेनापती, दोनदा राष्ट्राध्यक्ष. १८८४ मध्ये भागीदाराने फसवल्यामुळे कफल्लक झाले आणि घशाच्या कर्करोगाने मरता मरता कुटुंबासाठी आत्मचरित्र लिहून गेले. जुलै १८८५ मध्ये, पुस्तक हातावेगळं केल्यावर काही दिवसांतच ते वारले. मार्क ट्वेनच्या प्रकाशनसंस्थेने ते छापलं आणि त्यांच्या पत्नीला पहिलाच धनादेश दोन लाख डॉलरचा मिळाला. इंग्रजीतल्या उत्तम युद्ध-आत्मचरित्रांत ते आजही मोजतात. त्या दोन खंडांत ग्रँट यांची आठ वर्षांची अध्यक्षीय कारकीर्द नाही. पुस्तक युद्धाबरोबर संपतं. त्यांना वेळ नव्हता हे खरंच, पण मला वाटतं हातात आणखी दोन वर्षं असती तरी त्यांनी ती लिहिली नसती. युद्धात कोण कुठे चुकलं हे नकाशावर दाखवता येतं. अध्यक्षपदात कोण कुठे चुकलं हे दाखवायचं तर मित्रांची नावं घ्यावी लागतात.

जसवंतसिंगांनी या दोघांनी टाळलेल्या वाटेने जायचं ठरवलं. राजकारणाबद्दल, राजकारणात असताना लिहायचं. ती त्यांना अर्धीच जमली, असं माझं मत. जिवंत सहकाऱ्यांबद्दल लिहिताना ते शिपाई राहिले. मेलेल्या पुढाऱ्यांबद्दल लिहिताना लेखक झाले. शिक्षा मात्र त्यांना या दुसऱ्या लेखनाचीच झाली.

बाकीचं झटपट सांगून टाकतो. २००९ ची लोकसभा ते बाडमेरपासून कुठल्या कुठे, दार्जिलिंगमधून, गोरखा जनमुक्ती मोर्चाच्या पाठिंब्यावर सुमारे अडीच लाखांच्या फरकाने जिंकले होते. गोरख्यांच्या मुलखात जुना फौजी अधिकारी उभा राहिला, ही जुळणी मला मजेशीर वाटते. जून २०१० मध्ये पक्षाने त्यांना परत घेतलं. २०१२ मध्ये उपराष्ट्रपतिपदासाठी उभं केलं, हमीद अन्सारींनी हरवलं. २०१४ मध्ये त्यांनी शेवटची निवडणूक म्हणून स्वतःच्या बाडमेरमधून तिकीट मागितलं. पक्षाने ते दिलं कर्नल सोनाराम चौधरींना, नुकतेच काँग्रेसमधून आलेल्या दुसऱ्या एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याला. मेजरसाहेब अपक्ष उभे राहिले. ही लढाई खऱ्या आणि नकली पक्षाची आहे, असं सांगत शहात्तराव्या वर्षी वाळवंटातून फिरले. दुसऱ्यांदा हकालपट्टी झाली आणि निवडणूकही गेली. ऑगस्टमध्ये घरात पडून डोक्याला मार लागला. त्यातून ते सावरले नाहीत. २७ सप्टेंबर २०२० ला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचं निधन झालं.

बाडमेरच्या त्या निवडणुकीवर त्यांनी लिहायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं. तोवर राखायला कुणीच उरलं नव्हतं.

त्यांचं काही वाचावं असं कुणी मला विचारलं तर मी जिनांचं पुस्तक पुढे करत नाही. ‘डिफेंडिंग इंडिया’ आधी वाचा. १९९९ मध्ये आलेलं. भारतीय राज्यसंस्थेला लष्करी ताकदीचा विचार करायची सवयच कशी लागली नाही, युद्धाचे निर्णय आपण प्रसंग अंगावर आल्यावर कसे घेतो, संरक्षणखर्चाकडे कसं पाहतो, याची त्यात निर्दय चिकित्सा आहे. नेहरूंवर टीका आहे म्हणून विरोधकांनी ते बाजूला टाकलं आणि नेहरूंवर टीका आहे म्हणूनच समर्थकांनी ते डोक्यावर घेतलं. दोघांनीही मधली प्रकरणं सोडली असावीत. ती वाचताना लक्षात येतं की हा माणूस आपल्या सरकारालाही तेच प्रश्न विचारणार. पुस्तक आलं त्याच वर्षी मे महिन्यात कारगिलला घुसखोर दिसले, डिसेंबरात अमृतसरच्या धावपट्टीवर विमान पाऊण तास उभं राहिलं, आणि त्या दोन्ही वेळा निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीत त्या पुस्तकाचा लेखक बसलेला होता.